मुठीतलं नाणं बदला

मूठ उघडा. हो, उजवीच. घामानं तळहाताला चिकटलेली ती तांब्याची नाणी दिसताहेत ना, मधोमध चौकोनी भोक असलेली? ती या समोरच्या बाईंच्या टोपलीत टाका. लगेच. बदल्यात त्या तुम्हाला सुतळीत ओवलेली एक माळ देतील. माळेतलं एकेक नाणं इतकं पातळ आणि बारकं, की बोटांत धरलं तर जाणवतही नाही. कबुतराच्या डोळ्याएवढं असतं म्हणून त्याला नावही तसंच पडलंय. उद्यापासून बाजारात हेच चालेल. ती जुनी जपानी नाणी या गावानं कधी पाहिलेलीसुद्धा नाहीत, हे पक्कं ध्यानात ठेवा.

तुम्ही नाहा बंदरात आहात. र्‍युक्यूचं राज्य, पुढे जग ज्याला ओकिनावा म्हणणार आहे ते बेट. साल 1719, आपल्याकडचा आषाढ लागायची वेळ. पण कोकणातला आषाढ इथे शोधू नका. इथला पाऊस महिन्याभरापूर्वीच कोसळून गेला आणि आता नुसतं ऊन आहे, पांढरं, प्रवाळाच्या दगडी भिंतींवरून उलट डोळ्यांत घुसणारं. अंगातलं वस्त्र केळीच्या धाग्याचं आहे. अंगाला ते चिकटत नाही, चालताना कागदासारखं कुरकुरतं आणि समुद्रावरून वाऱ्याची झुळूक आली की आरपार जाऊ देतं. ते विणणाऱ्या बाईला मनातल्या मनात दुवा द्या.

बाजार बायकांचा आहे. विकणाऱ्या बायकाच, घेणाऱ्याही बहुतेक बायकाच. डोक्यावर टोपली, टोपलीत रताळी, कारली, सुकवलेले मासे, आणि एक हातही टोपलीला लावायचा नाही. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत निळं गोंदण. ताज्या तोफूची दुधाळ वाफ, शेजारी डुकराच्या चरबीचा कढ, त्यामागे अवामोरी दारूच्या रांजणांतून येणारा आंबूस, नाकात चढणारा दर्प. सावली हवी असेल तर त्या झाडाखाली या. पारंब्या बघून ओळखीचं वाटलं ना? वडाच्याच गोतातलं आहे. किनाऱ्याकडे काटेरी पात्यांची जी दाटी दिसतेय, ती आपल्या केवड्याची नातेवाईक.

नाणी गोळा करणाऱ्या बाई तोफू विकतात. पुढचे आठ महिने तुम्ही यांच्याकडे कामाला आहात. त्यांना ‘अम्मा’ म्हणा. इथली बोली कितीही परकी वाटली, तरी आईला इथले लोक अम्माच म्हणतात.

आता अम्मा तुमची परीक्षा घेतील. कान देऊन ऐका, कारण उत्तर चुकलं तर नुसती तुमची अडचण होऊन भागणार नाही.

“हा सुरा कुठला रे लेकरा?”

“टोकाऱ्याचा.”

“ही लाखेची वाटी?”

“टोकाऱ्याचीच.”

“आणि सात्सुमाचे लोक सध्या कुठे असतात?”

तुम्ही उत्तरेकडे बोट दाखवायला हात उचलता आणि अम्मा तो हात फटकन खाली मारतात.

“कुठलं सात्सुमा?” त्या म्हणतात. “पुन्हा सांग. कुठलं सात्सुमा?”

टोकारा ही उत्तरेकडची अगदी चिमुकली बेटं. जपानी वाटणारी प्रत्येक वस्तू तिथून आली असं सांगायचं आणि जपानी दिसणारा माणूसही तिथलाच म्हणायचा. पोरासोरांपर्यंत सगळ्यांना हे पाठ आहे. चीनला जाणाऱ्यांसाठी तर पुढे असे प्रश्न आणि त्यांची उत्तरं रीतसर लिहूनच दिली जाणार आहेत.

कारण थोडक्यात सांगतो, उन्हात फार वेळ उभं राहवत नाही. आजपासून 110 वर्षांमागे जपानच्या दक्षिण टोकाच्या सात्सुमा संस्थानचं सैन्य या बेटावर उतरलं. राजाला पकडून नेलं आणि दोन वर्षांनी परत आणून सोडलं. तेव्हापासून सात्सुमाला दरसाल कर जातो आणि त्यांचे अंमलदार नाहात ठाण मांडून असतात. पण इथल्या राजाला राजेपण येतं ते चीनच्या सम्राटाकडून. नवा राजा गादीवर आला की सम्राटाचे दूत समुद्र ओलांडून येतात आणि त्याला मान्यता देतात. त्या मान्यतेच्या जोरावर र्‍युक्यूची जहाजं चीनच्या फूचौ बंदरात जातात आणि रेशीम, औषधं, चिनी मातीची भांडी घेऊन येतात. जपानशी चीनचं राजदरबारी नातं नाही. र्‍युक्यूच्या मानेवर जपानी हात आहे हे पेकिंगला उघडउघड दिसलं तर फूचौचा दरवाजा बंद व्हायचा, आणि मग सात्सुमालाही रेशीम मिळायचं नाही. म्हणून लपायला सात्सुमाही एका पायावर तयार आहे.

त्यांना निघताना बघायचंय? मग आज रात्री झोपू नका. अंधार पडल्यावर गल्लीतून घोड्यांच्या टापा ऐकू येतील. पेट्या, गाद्या, तलवारी, हिशेबाची बाडं असं सगळं उत्तरेच्या वाटेला लागलंय, गुसुकुमा नावाच्या खेड्याकडे. चीनचे पाहुणे असेपर्यंत अंमलदार तिथे राहतील. त्यांची जहाजं बेटाच्या पार वरच्या अंगाला, उन्तेनच्या खाडीत नेऊन ठेवलीत. अम्मा कवाडाच्या फटीतून बघतात आणि बोटांवर माणसं मोजतात. शेवटचा माणूस वळणाआड गेला की त्या घरात येतात, जपानी नाण्यांचं गाठोडं उचलतात आणि डुकरांच्या खुराड्यामागे खड्डा खणायला तुम्हाला फावडं देतात. वासाचं काय करायचं? तोंडानं श्वास घ्या.

पहाटेला गाव निराळंच झालेलं असतं. जपानी अक्षरांच्या पाट्या उतरल्यात, जपानी पुस्तकं माळ्यावर गेलीत. न्हाव्याचा पोरगा रोज एक जपानी गाणं गुणगुणायचा, आज तो ओठ मिटून झाडतोय. मधूनच सूर नाकात येतो आणि तो दचकून थांबतो. त्या पोराकडे बघून मला नेहमी वाटतं की राजकारणाचं ओझं शेवटी कुठे येऊन बसतं ते बघायचं असेल तर असा एखादा गळा बघावा.

जहाजं आली! पळा, धक्क्याकडे पळा. फूचौहून नैर्ऋत्येचं वारं पाठीशी घेऊन आलेली दोन प्रचंड गलबतं, गलबत कसलं, तरंगतं गावच. लोक त्यांना मुकुटाची जहाजं म्हणतात, कारण राजाचा मुकुट यांतून येतो. झांजा, शिंगं, फटाक्यांचा धूर, आणि तुमच्या बरगड्यांत रुतलेलं कुणाचंतरी कोपर. भर उन्हात गर्दीत उभ्या माणसांच्या अंगाची वाफ तुमच्या तोंडावर येते. सगळ्यात आधी कुणाला उतरवतात बघा. दर्यावर्दींची देवी माझू, तिची मूर्ती जहाजावरून वाजतगाजत तिच्या देवळात नेतात. समुद्र ओलांडून सुखरूप आणणारीचा मान पहिला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

मग उतरतात मुख्य दूत हाय बाओ, हा मांचू सरदार, आणि उपदूत श्यू बाओग्वांग, विद्वान माणूस, डोळ्यांना दिसेल ते टिपून ठेवणारा. त्यांच्यामागे शिपाई, वैद्य, आचारी, खलाशी, व्यापारी असे शेकडो लोक. पुढे होऊन स्वागत करताहेत ती मंडळी कुमेमुरा वस्तीतली. पिढ्यांमागे चीनमधून येऊन इथे स्थायिक झालेल्या घराण्यांतली ही माणसं मुलांना चिनी शिकवतात, फूचौला शिकायला पाठवतात. दोन्हीकडची भाषा, दोन्हीकडचे मानपान यांच्या जिभेवर. तुम्ही त्यांच्याइतके बोलके होऊ नका. तोफूची टोपली धरा आणि गप्प राहा.

पाहुण्यांना जेवायला काय लागतं? डुक्कर. दिवसाला 20 डुकरांचा हिशेब आहे म्हणे, आणि वारा फिरेपर्यंत, म्हणजे आठ महिने, पाहुणे हलणार नाहीत. नाहातली डुकरं केव्हाच संपली. आता दूरदूरच्या बेटांवरून होड्या भरून आणताहेत. पहाटे धक्क्यावर जो कोलाहल उठतो तो ऐकून पहिल्या दिवशी तुम्ही उठून बसाल, दहाव्या दिवशी कूस बदलाल. अम्मांच्या घरात मात्र रोज उकडलेलं रताळं. लाल मातीतलं, गोड, घशाला कोरडं पडणारं. हेही फूचौहून आलेलं, शंभरेक वर्षांपूर्वी एका र्‍युक्यू माणसानं कुंडीत लावून आणलेलं. इथून ते सात्सुमाला गेलं आणि जपानात पुढे त्याला सात्सुमाचा कंद म्हणणार आहेत. अम्मांना हे सांगितलंत तर त्या खो खो हसतील. सांगा, पण दार लावून.

आता जरा अवघड भाग. दूताबरोबर आलेल्या खलाशांना, शिपायांना स्वतःचा माल आणून इथे विकायची मुभा असते. त्यांची कमाई म्हणजे तीच. आणि तो माल र्‍युक्यूच्या सरकारनं विकत घ्यायचा असा रिवाज. सरकारनं चांदी बाजूला काढून ठेवली होती. पण या खेपेला गाठोडी सुटायला लागली तशी कारकुनांची तोंडं पांढरी पडत गेली. रेशमाचे ठाण, औषधी मुळ्या, कागद, शाई, भांडी, पुन्हा रेशीम. ठेवलेल्या चांदीच्या कितीतरी पट माल! न घ्यावा तर पाहुणे रागावणार, आणि सगळा घ्यावा तर पैसे कुठून आणायचे? ‘सात्सुमाकडून उसने आणू’ हे वाक्य तर तोंडातून काढायचीही सोय नाही.

बोलणी कुमेमुऱ्याच्या साय ओनवर पडली. वय अजून चाळिशीच्या आत, राजाचा गुरू. तो दिवसच्या दिवस पाहुण्यांच्या वाड्यात बसतो. चहा येतो, जातो. बाहेर खलाशी ओरडताहेत, दारावर मुठी आपटताहेत. तुम्ही तोफू घेऊन मागच्या दारानं आत गेलात तर पडद्याआडून त्याचा आवाज ऐकाल. चढत नाही, खचत नाही. आम्ही गरीब बेट आहोत, देऊ तेवढं मनापासून देऊ, असं तो पुन्हा पुन्हा सांगतोय, आणि प्रत्येक वेळी ते पहिल्यांदा सांगितल्यासारखं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. तलवार नसलेल्या माणसाला आवाज न चढवता किती तास बसता येतं यावर त्या दिवशी एका देशाची अब्रू टांगलेली होती.

इकडे गावात चांदी गोळा होतेय. नुसती चांदी नव्हे, तांबं, कथिलसुद्धा. इथे बायका-पुरुष दोघेही केस बांधून त्यात आकडा खोचतात आणि कुणाचा आकडा कशाचा यावरून पायरी कळते. सोन्याचा मोठ्यांचा, चांदीचा त्याखालच्यांचा, पितळेचा साध्यासुध्यांचा. आज वाड्यावाड्यांतून चांदीचे आकडे निघून ताटात पडताहेत. त्याचा आवाज नाजूक असतो, पैंजण काढून ठेवल्यासारखा. अम्मा घरातली कथलाची सुरई काढतात. लग्नातली आहे. पदरानं पुसतात आणि न बोलता देऊन टाकतात. थोडी भर पडली, बाकीचं साय ओननं बोलून बोलून मिटवलं. बराच माल परत गलबतात चढला. कुणी कुणावर हात उगारला नाही.

राज्याभिषेकाच्या दिवशी राजधानी शुरीला चला. नाहाहून तासाभराचा चढ, पायांखाली चुनखडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. ओझेकरी व्हा, म्हणजे आत जाता येईल. वेशीवरच्या कमानीवर चिनी अक्षरांची पाटी आहे. हा देश रीतभात जपणारा आहे, असा तिचा अर्थ. तिच्याखालून आत गेलात की राजवाड्याचं फरसबंद अंगण आणि समोर तांबडाभडक मुख्य महाल. दहा वर्षांपूर्वी हा जळाला होता. नव्यानं उभा राहिलाय, लाकडाचा आणि रंगाचा वास अजून पुरता गेलेला नाही. आत्ता दूत ज्या खांबांकडे कौतुकानं बघताहेत ना, त्यांचं लाकूड सात्सुमानं पुरवलंय. अंगणात उभ्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते ठाऊक आहे. एकाचीही पापणी हलत नाही.

या अंगणात क्षणभर थांबा आणि डावी-उजवीकडे बघा. एका बाजूला उत्तरेचा महाल, रंगवलेला, चिनी धाटणीचा. चीनच्या दूतांचा पाहुणचार तिथे. त्याच्या अगदी समोर दक्षिणेचा महाल, साध्या लाकडाचा, बिनरंगी, जपानी वळणाचा. सात्सुमाचे अंमलदार येतात तेव्हा तिथे बसतात. मध्ये फक्त हे अंगण. राजा शो केई रोज सकाळी या दोहोंच्या मधून बाहेर बघत असेल, तेव्हा त्याला काय वाटत असेल? उमराव रांगेत गुडघे टेकतात, जांभळ्या, पिवळ्या, तांबड्या पागोट्यांची शेतंच्या शेतं वाकतात. सम्राटाचं पत्र वाचलं जातं. धुपाच्या धुरानं डोळे झोंबतात, भर उन्हात जरीच्या कपड्यात उभा एक म्हातारा डुलायला लागतो आणि शेजारचा हळूच त्याच्या कोपराला आधार देतो.

यातल्या कित्येकांनी जपानच्या शोगुनचं शहर एदो पाहिलंय. गेल्याच वर्षी र्‍युक्यूचं शिष्टमंडळ शोगुनच्या दरबारात जाऊन आलं. तिथे सात्सुमानं त्यांना मुद्दाम चिनी थाटाचे कपडे घालायला लावले, चिनी वाद्यं वाजवत मिरवलं, म्हणजे बघणाऱ्यांना वाटावं की सात्सुमाच्या हाताखाली एक परदेशी राजा आहे. तिकडे चिनी दिसायचं आणि इकडे जपानी दिसायचं नाही. मग स्वतःसारखं कुठे दिसायचं?

त्याचं उत्तर थांबलात तर मिळेल. पण त्याआधी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. अंगणातलं हे तलम कापड, ही मेजवानी, याचा भार नाहाच्या बाजारावर आहे त्याहून जास्त दक्षिणेच्या मियाको आणि याएयामा बेटांवर आहे. तिथे माणशी कर लावलाय. पुरुषांनी धान्य द्यायचं, बायकांनी विणलेलं कापड. मागाशी बसून डोळे गेलेल्या त्या बायकांना शुरीचं हे अंगण कधी दिसणार नाही. दोन बलाढ्य शेजाऱ्यांमध्ये वाकत वाकत उभं राहणारं राज्य आपल्या सगळ्यात दूरच्या माणसांच्या पाठीवर हात टेकून उभं होतं. कौतुक करताना हे विसरायचं नाही.

आता नववा महिना. संध्याकाळी हवेत किंचित गारवा. याच अंगणात रंगमंच उभारलाय आणि आज तुम्ही जे बघणार आहात ते याआधी कुणीच पाहिलेलं नाही. तामागुसुकू चोकुन नावाच्या अधिकाऱ्याकडे पाहुण्यांच्या करमणुकीचं काम दिलंय. त्यानं र्‍युक्यूच्या जुन्या कथा, इथली बोली, इथलं गाणं, इथला नाच एकत्र गुंफून नाटक रचलंय, कुमिओदोरी. सान्शिन ऐका. तीन तारांचं, सापाच्या कातडीनं मढवलेलं वाद्य, मूळ चीनचं. एक सूर सुटतो आणि पुढचा यायला इतका वेळ घेतो की तुम्ही श्वास धरून बसता. नट सगळे पुरुष, सरदार घराण्यांतली पोरं. शुरीला निघालेला एक देखणा तरुण रात्री वाटेत एका घरी आसरा मागतो. घरातली बाई त्याच्यावर भाळते, तो पळतो, देवळात शिरतो आणि भिक्षू त्याला मोठ्या घंटेखाली लपवतात. ती मागोमाग येते. विचारते, कुठे आहे? तिच्या चेहऱ्याची हळूहळू राक्षसीण होते.

चोकुन सात्सुमाला आणि एदोला जाऊन आलेला आहे. तिथली नाटकं त्यानं मन लावून पाहिलीत आणि घंटेची ही गोष्टही जपानी रंगभूमीवर जुनी, गाजलेली. चीनच्या दूतांसमोर, जपानचा मागमूस पुसलेल्या गावात, जपानी मातीतलं बी र्‍युक्यूच्या भाषेत उगवून चिनी वाद्यावर नाचतंय. ते कुणाची नक्कल वाटत नाही. अंगणात एवढी माणसं आहेत आणि मशालीचं तेल तडतडल्याचा आवाज येतोय. तुमच्या शेजारी उभ्या अम्मांचे ओठ हलताहेत. शब्द त्यांच्याच बोलीतले आहेत ना. राजवाड्याच्या अंगणात, परक्या पाहुण्यांपुढे, घरची बोली. त्या डोळे पुसत नाहीत, वाहू देतात.

पाहुण्यांना खरोखर काही कळलं नाही का? अहो, आठ महिने! एकदा एक चिनी कारकून अम्मांच्या पाटीपाशी येऊन बसला, ते बारकं नाणं बोटांत फिरवलं, वाऱ्यावर उडून जाईल असं धरून बघितलं, आणि अम्मांकडे पाहिलं. अम्मांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं पैसे मोजले, तोफू घेतला आणि गेला. चिनी दूतांच्या नोंदींतच लिहिलेलं सापडतं की इथे एरवी जपानी नाणी चालतात, आम्ही आलो की ती बदलतात. त्यांना दिसत होतं. दिसलेलं दरबारात बोलायचं नाही एवढाच शहाणपणा त्यांनीही पाळला.

वारं फिरलं. उत्तरेच्या पहिल्या वाऱ्याला इथे ‘मीनिशी’ म्हणतात. त्यालाही महिने लोटले, आणि दुसऱ्या महिन्यात मुकुटाची जहाजं शिडं भरून निघाली. अम्मा धक्क्यावर उभ्या राहून हात हलवतात. खरंच हलवतात हं, आठ महिन्यांत काही पोरं ओळखीची झाली होती. शीड ठिपका होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. मग कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडतं, आणि सगळा धक्का बोलायला लागतो.

तिसऱ्या दिवशी गुसुकुमाच्या वाटेनं घोड्यांच्या टापा ऐकू येतात. भर दिवसा. न्हाव्याचा पोरगा झाडता झाडता गातोय, सूर जरा गंजलाय. अम्मा तुमच्या हाती फावडं देतात, खुराड्यामागचं गाठोडं वर येतं. त्यातली पाच-सहा नाणी त्या वेचतात, पदराला पुसतात आणि तुमच्या तळहातावर ठेवतात.

“ही तुझी,” त्या म्हणतात. “मोजून घे.”

नाण्यांना ओल्या मातीचा वास येतोय. समोर एक सात्सुमाचा शिपाई उभा आहे, त्याला तोफू हवाय.